दुसरा धूर

“वहिनी, उतरा खाली! साठीची बाई छपरावर चढते, गाव हसतंय!” बेशेन अंगणातून ओरडला.

“हसू दे, मिर्झा. तू बाजूला हो, तोंडावर काजळी पडेल,” बात्मा वरून म्हणाली आणि दोरीला बांधलेला तारेचा ब्रश तिनं पुन्हा धुराड्यात सोडला.

बेशेन तिचा धाकटा दीर, तिच्या तोंडी मिर्झा. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधे भिंत, अंगण एकच. नवरा गेल्यापासून तिच्या दोन खोल्यांवर दिराचा डोळा होता. त्याच्या लेकाचं लग्न ठरलं होतं ना. नारीनच्या डोंगरातल्या त्या गावात घरं दारांवरून मोजत नसत, धुरावरून मोजत. आज दुपारी गावचा प्रमुख घरं मोजायला घोड्यावरून फेरी मारणार होता. ज्याचा धूर दिसेल, ते वेगळं घर. नाही दिसला, तर बात्मा दिराच्या घरातली एक म्हातारी, एवढंच. आणि नेमकी आठ दिवसांपासून तिची चूल सगळा धूर खोलीतच ओकत होती.

ब्रश अडकला. तिनं दोरी हिसडली, पुन्हा हिसडली. वर आला तो नमद्याचा, जाड लोकरी जाजमाचा, एक काळा बोळा घेऊन. झटकल्यावर काजळीखाली लाल शिंगांची नक्षी दिसली. टाके तिचेच होते. जावेच्या लग्नात तिनंच दिलेला नमदा!

“हा धुराड्यात कसा आला रे?”

“कावळे आणतात काहीबाही.”

“अस्सं. म्हणजे तुझ्या बायकोच्या पेटीचं कुलूपही कावळ्यांनीच उघडलं म्हण की!”

दारात कणीक मळणारी बुरुलसून, बेशेनची बायको, एकदम परातीत बघायला लागली. बेशेननं मात्र शिडी उचलली आणि तबेल्याजवळ नेऊन आडवी टाकली.

“बसा आता. प्रमुखाला वरूनच सलाम करा.”

पॉप्लरच्या झाडांपलीकडे घोडा दिसत होता. खाली चुलीत ढलप्या रचलेल्या होत्या, काडी ओढायचाच अवकाश. पण उडी मारावी तर खुबा मोडणार.

तिकडच्या सुना सासरच्या माणसांची नावं घेत नाहीत. बात्मा नवरी म्हणून आली तेव्हा हा दीर पाच वर्षांचा, शेंबडा. तिनंच त्याला मिर्झा म्हणायला सुरुवात केली, पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडताना. चाळीस वर्षं दुसरं नाव तोंडातून आलं नव्हतं.

ती छपरावर ताठ उभी राहिली.

“बेशेन!”

गल्लीतली बादली घेतलेली म्हातारी जागीच थांबली.

“ए बेशेन! शिडी लाव!”

बेशेनचं तोंड उतरलं. बुरुलसून किंचाळली, “जीभ झडेल तुमची!”

“झडू दे. मामंजींचं नाव अजून घेतलं नाही मी. घेऊ?”

मेलेल्या सासऱ्याचं नाव, भर गल्लीत! बुरुलसून पिठाच्या हातांनी शिडी ओढत धावली. “लावते, जाऊबाई, लावते! तोंड आवरा तेवढं!”

प्रमुख आला तेव्हा छपरावर दोन धूर होते. त्यानं चाबकानं एक दाखवला, मग दुसरा, आणि घोडा पुढे काढला.

संध्याकाळी बात्मा चहा ओतत होती. बाहेर खुडबुड झाली. अंगणातली दोन्ही बिऱ्हाडांची कपडे वाळत घालायची दोरी बेशेननं आपल्या खांबावरून सोडली होती. तिनं दार उघडलं तेव्हा तो निघून गेला होता. दोरी तिच्या कडीला नीट गुंडाळून अडकवलेली होती, वेगळ्या घराची वेगळी दोरी, आणि तिचा ओला परकर घडी करून उंबऱ्यावर ठेवलेला.