वादळाचा आकडा

भर उन्हाळ्यात पायात लोकरीचे मोजे.

उशीवर केसांचा पुंजका.

फळ्यावर खडूने लिहिलेला एक आकडा, कित्येक महिन्यांत कुणी न पुसलेला.

खिडकीजवळ रिकामं स्टूल.

"अंग छान धरलंय," डॉक्टर म्हणाले.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याचं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती घड्या घालायची आणि सगळे तिला वादळ म्हणायचे. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन तिच्या उंच जोडीदारणीच्या, लंबूच्या. लंबूचे खांदे भरून यायचे, वादळाचे हात थांबायचे नाहीत. डोळ्याला डोळा नाही, भूक राक्षसाची आणि अंग काडीचं, थंडीतही पंखा हवा. मुकादम खूश. त्याने घड्याळ लावून दोघींच्या चादरी मोजल्या आणि आकडा फळ्यावर चढवला. यापुढे प्रत्येक जोडीने एवढ्या करायच्या.

मग एक दिवस छातीत घोडे उधळले आणि ती चादरीसकट खाली बसली. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉइडची ग्रंथी वेड्यासारखी राबत होती. गोळ्या सुरू झाल्या, घोडे थांबले. पण गोळ्या तेवढ्याच चालू राहिल्या आणि ग्रंथीने कामच टाकलं. आता तिला तापलेल्या इस्त्रीशेजारी हुडहुडी भरायची. पापण्या सुजलेल्या, आवाज घोगरा. चादर हातात धरून ती तिचा कोपरा शोधत उभी राहायची.

"वादळ कसलं, साधी झुळूकही नाही," मुकादम म्हणाला. "सोमवारपासून आकडा गाठायचा. नाहीतर मी दुसरी बाई बघतो."

तिने डॉक्टरांना सांगितलं, थंडी वाजते, डोकं चालत नाही. त्यांनी वजनकाट्याकडे पाहिलं, रक्ताचं नाव काढलं नाही. अंग धरल्याचं कौतुक झालं ते तेव्हाच. "गोळ्या चालू ठेवा."

घरी नवरा भांडी विसळता विसळता म्हणाला, "थोडे दिवस गोळ्या बंद केल्यास तर? नोकरी तरी टिकेल. आणि खरं सांगू, तेव्हा घर कसं लखलखायचं."

"तेव्हा मी मरत होते."

"तसं नव्हे गं."

"तसंच. मी आजारी होते तेव्हाच तुम्हा सगळ्यांना बरी वाटत होते."

मोह झाला नाही असं नाही. गोळी तळहातावर ठेवून ती बसून राहिली. मग पाण्याबरोबर ती घेतली आणि सकाळी थेट दवाखाना गाठला.

"रक्त तपासल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

"बाहेर रांग आहे, बाई."

"मग लवकर लिहा."

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि गोळी निम्म्यावर आणली. "होतं असं कधीकधी."

"होतं ते मला," ती म्हणाली. "पुढची तपासणी कधी, तेही आत्ताच लिहून द्या."

उतार पडायला काही आठवडे लागणार होते. सोमवार त्याआधीच आला. तिने फडकं ओलं केलं, फळ्यापाशी गेली आणि आकडा पुसला.

"बाई, हे काय चाललंय?" मुकादमाने विचारलं.

"हा आकडा माझ्या हातांचा नाही, गळ्यातल्या ग्रंथीचा आहे. तिला वेगळा पगार दिलात का कधी?"

"मी दुसरी बाई बघतो."

"बघा. घेण्याआधी तिचाही गळा चाचपा."

आधी लंबू हसली, मग इस्त्रीवाल्या हसल्या. मुकादम खडू शोधू लागला. तो लंबूच्या मुठीत होता आणि ती मूठ काही उघडेना. एकीनेही चादर उचलली नाही. दारात हॉटेलची गाडी भोंगा वाजवत होती.

"घाला मग घड्या," तो म्हणाला. "जमतील तेवढ्या."

तिने गारठलेल्या बोटांनी चादरीची दोन टोकं धरली.

खिडकीजवळच्या, आता रिकाम्या स्टुलावर पूर्वी बसून घड्या घालणाऱ्या आजींना, फळ्यावर आकडा चढला त्याच आठवड्यात, हात हळू चालतात म्हणून कामावरून काढलं होतं.