तीन लाल फुल्या

नदीतल्या परटिणींच्या नावेवर येऊन तिबोने सदरा धुण्याच्या फळीवर आपटला. पेरीनने पिळत असलेली चादर बाजूला ठेवली आणि ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले. सदऱ्यावर छातीपाशी वाळलेलं रक्त होतं. पण तिची नजर गेली ती खालच्या काठाकडे. तिथे लाल दोऱ्याच्या तीन बारीक फुल्या होत्या.

"रक्त थंड पाण्यानेच निघतं," ती म्हणाली. "गरम लावलंत तर डाग बसतो."

"धुवायला नाही आणला. आणि तुम्ही नाही, तू म्हणायचं. आता सगळे सारखे."

"बरं. तू."

"काल वेशीवर एक पाद्री पळून जाताना मेला. नव्या सरकारची शपथ न घेतलेला. नाव सांगायला उरला नाही. ज्यांनी त्याला लपवलं त्यांची मान मला हवीय. ही परटाची खूण कुणाच्या घरची?"

तिबो पूर्वी हातमोजे शिवायचा, आता वस्तीच्या क्रांती-समितीवर होता. पाच वर्षांपूर्वी पॅरिसच्या बाया भर पावसात राजाला आणायला व्हर्सायला चालत गेल्या, तेव्हा पेरीन धुण्याचं बडवणं खांद्यावर टाकून पुढे होती आणि तिबो मागून गाणी म्हणत होता. राजा आला. पुढे राजाचं डोकंही गेलं. पावाची रांग मात्र हलली नाही.

"अठरा घरांचं धुणं करते मी. आठवून सांगते."

"आठव. नाहीतर परवापासून मी घरोघरच्या पेट्या उघडतो."

तो नावेवरून उतरून काठाला लागेपर्यंत पेरीन चादर पिळत राहिली. चादरीत पाणी उरलंच नव्हतं.

आठवायचं काही नव्हतं. तीन फुल्या म्हणजे विधवा ओब्रीबाई. थंडीत बाईंच्या गाठोड्यात पुरुषाचा एक सदरा जास्तीचा येऊ लागला, खुणेचा कोपरा कापलेला. पेरीनने विचारलं नाही. पण बिनखुणेचा कपडा या नावेवर हरवलाच म्हणून समजावं. तिच्या हाताने आपणहून सुई उचलून त्यावर बाईंच्या तीन फुल्या घातल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी तर तो कोपरा मुद्दाम कापला होता.

आता बाईंच्या पेटीतल्या प्रत्येक चादरीवर त्याच फुल्या होत्या. उसवाव्यात, तर सुईची भोकं राहतात. उसवलेली खूण म्हणजे कबुलीच.

दुपारी तिने लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसली. पाववाल्याच्या सदऱ्यावर, त्याच्या स्वतःच्या खुणेशेजारी, तीन फुल्या. कुलूपवाल्याच्या पोराच्या झबल्यावर तीन. शाळामास्तरांच्या उशीच्या अभ्र्यावर तीन. जी खूण सगळ्यांची, ती कुणाचीच नाही.

"लग्नबिग्न आहे का कुणाचं?" शेजारच्या फळीवरची परटीण जिलेत ओरडली. "एवढं काय शिवत बसलीस?"

"बटणं तुटलीत."

"उशीला बटणं?"

"तुझं धुणं बघ गं."

ढिगाच्या तळाशी तिबोचा सदरा होता. नऊ वर्षं धूत होती ती त्याचे कपडे. सुई क्षणभर थांबली. मग सगळे सारखे, म्हणून तिने त्यावरही तीन फुल्या घातल्या, आणि संध्याकाळच्या आत अठराही गाठोडी पोचती केली.

पाचव्या दिवशी समितीने तिला बोलावलं. टेबलावर कपड्यांचा ढीग होता. तिबोशेजारी एक तरुण लेखनिक यादी करत बसला होता. तिबोच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मला वाटलं होतं, एक घर असेल," तो म्हणाला. "सतरा घरं निघाली, पेरीन. एक खूण, सतरा घरं. केवढा मोठा कट."

तिने यादीकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"कुठे आहेत ते?"

"कुठे असणार? कोठडीत. पाववाला रडतोय नुसता. ओब्रीची विधवा तेवढी गप्प बसलीय."

"मी घातल्या त्या," पेरीन म्हणाली. "फुल्या. सगळ्यांच्या कपड्यांवर. एका दुपारी, मी एकटीने. कट नाही काही. जिलेतला विचार, तिने पाहिलंय."

तिबो हसला. थकलेलं, जवळजवळ मायेचं हसू.

"सतरा जणांना वाचवायला निघालीस? तुझं मन मोठं आहे, हे मला व्हर्सायपासून ठाऊक आहे. जा, धुणं कर."

ती जागची हलली नाही.

"सतरा नाहीत," ती म्हणाली. "अठरा."

लेखनिकाने टाक दौतीत बुडवला आणि कागदावर धरला.

"अठरावा कोण?" तिबोने विचारलं.

पेरीन त्याच्या जाकिटाकडे पाहत होती. त्याच्या खालून सदऱ्याचा काठ बोटभर बाहेर आला होता. स्वच्छ, तिनेच धुतलेला. तिबोचा हात सावकाश टेबलाखाली, त्या काठाकडे गेला.

लेखनिकही आता तिकडेच पाहत होता. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमू लागला होता.