मास्तरांची पाटी

गावातल्या अँग्लिकन चर्चचा इतिहास लिहिण्यात मास्तरांची उभी निवृत्ती खर्ची पडली. चर्चची घंटा बोटीतून उतरवतानाच तडकली, पहिल्या पाळकाने बायकोपेक्षा ऑर्गन जास्त जपला, छप्पर दोनदा कोसळलं आणि दोन्ही वेळा मागच्या बाकांवरच कोसळलं, हे सगळं त्यांनीच उकरून काढलं. भिंतीवर संगमरवरी पाटी फक्त मेलेल्यांचीच लागते आणि हा नियम आजवर मोडलेला नाही, हा शोधही त्यांचाच. पुस्तकातल्या त्या प्रकरणाचा त्यांना फार अभिमान होता.

पुस्तक छापून आलं आणि मास्तरांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हात टेकले. पाळकांनी उशाशी बसून अखेरची प्रार्थना म्हटली आणि जाताजाता पाथरवटाला मास्तरांच्या पाटीचं काम सांगून टाकलं. चर्चच्या वर्धापनदिनाला पाटीच्या अनावरणासाठी बिशप येणार होते, आणि बिशप काही रोज येत नाहीत.

पाटी तयार झाली. मास्तर बरे झाले. घरावर शोककळा पसरली.

"कोरून झालंय हो," पाळक खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले. "'चर्चचे इतिहासकार, प्रभूमध्ये निद्रिस्त.' खाली सालसुद्धा."

"खोडता नाही येणार?"

"संगमरवर आहे, मास्तर. फळा नव्हे."

"मग पुढच्या वर्षी लावू."

"पुढच्या वर्षी हे साल कसं चालेल, बाबा?" थोरला म्हणाला.

"नियम तुम्हीच लिहिलात," सूनबाईंनी चहा आदळला. "आता तुम्हीच आडवे येऊ नका."

मास्तरांनी विचार केला. जगावं तर भिंत जाते. "बिशपांना माहीत आहे, मी…"

"तुम्ही गेल्याचं कळवलं होतं," पाळक म्हणाले. "बरे झाल्याचं राहून गेलं."

मास्तरांनी एकच अट घातली: भाषण ऐकायला मिळालं पाहिजे.

वर्धापनदिनी त्यांना पाळकांचे झगे ठेवायच्या खोलीत बसवलं, दार किलकिलं ठेवून. सोबतीला सूनबाई. बिशप इतकं सुंदर बोलले की मास्तरांनाच मास्तरांची उणीव भासू लागली. पाटीवरचा पडदा सरकला. चर्चच्या सगळ्या मंडळींना खरं ठाऊक होतं, पण रुमाल सगळ्यांचेच निघाले. थोरला तर असा रडला की मागून कौतुक झालं.

मग मौनासाठी सगळे उठले. शिस्तीचे मास्तरही उठले, आणि न्यूमोनियाचा उरलासुरला खोकला उसळला.

सूनबाईंनी झग्याची बाही त्यांच्या तोंडावर दाबली. "जन्मभर बोललात ना, बाबा? एक मिनिट गप्प बसवत नाही?"

मास्तरांनी श्वास कोंडला. बिशपांचं मिनिट त्यांच्या पदाला शोभेलसं लांबलचक होतं. ऑर्गन वाजला, सगळे बसले. मास्तरही झग्यांच्या ढिगात बसले, आणि उठलेच नाहीत.

सूनबाईंनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि दारातून थोरल्याला खूण केली.

पाटीवरचं साल बरोबर निघालं. नियमही अभंग राहिला. अडचण एवढीच होती, की बिशपांचं जेवण उरकून गाडी निघेपर्यंत मास्तरांना कुठल्या कपाटात ठेवायचं.