मुदतीचा रकाना

सेलूतल्या त्या छोट्या कंपनीकडे कापूस खरेदीच्या नावनोंदणीचं काम होतं. शेतकऱ्यानं फोनवरून नाव टाकायचं, मग गाडी कोणत्या दिवशी आणायची त्याचा नंबर त्याला मिळायचा. हा सगळा डेटाबेस संघप्रियाच्या हाती होता, आणि नियमही तिनंच घातला होता. चालू नोंदींत कुणालाही कायमचा प्रवेश नाही. काम असेल तेवढाच अधिकार, तोही तास-दोन तास, मग आपोआप बंद.

दिवाळीनंतर चारठाण्याच्या राजेश्रीनं एका गावाची यादी नुसती बघायला मागितली. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. संघप्रियाला परभणीला निघायची घाई होती. ही पोरगी सारखी फोन करत बसेल, असं वाटून तिनं पूर्ण अधिकार देऊन टाकला आणि मुदतीचा रकाना कोराच ठेवला. आल्यावर काढून घेऊ, म्हणाली. ते राहूनच गेलं.

अकराव्या दिवशी दुपारी राजेश्री सरावाच्या डेटाबेसमधल्या खोट्या नोंदी पुसत होती. शेजारी चालू डेटाबेसची खिडकी उघडी होती. गफलतीनं तिनं तिथंच पुसायचा हुकूम चालवला. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून बऱ्याच नोंदी परत आल्या, पण त्या सकाळचे दोनशे बारा नंबर गेले ते गेलेच. त्यांतला एक नंबर असलेल्या शेतकरी कडूबाई तीन दिवसांनी कापसाची गाडी घेऊन केंद्रावर आल्या, तर यादीत त्यांचं नाव नव्हतं. दोन दिवस त्या गाडीखालीच बसून राहिल्या.

मालक दिनकरराव यांनी दोघींना समोर बसवलं.

"हिला पुसायचा अधिकार होताच कसा?"

राजेश्रीनं संघप्रियाकडे पाहिलं. संघप्रिया म्हणाली, "बघावं लागेल, सर."

बघण्यासारखं काहीच नव्हतं. संध्याकाळी राजेश्रीनं राजीनामा दिला. रात्रभर तळमळून संघप्रियानं सकाळी दिनकररावांना सगळं सांगितलं. त्यांनी राजेश्रीला दोनदा फोन लावला. तिनं उचलला नाही.

महिन्याभरानं संघप्रिया चारठाण्याला गेली. राजेश्री अंगणात तूर निवडत होती.

"अधिकार मी दिला होता. चूक माझी आहे."

"पुसलं तर मीच ना, ताई. माजी बी चूक हायच."

"परत ये. सरांनी बोलावलंय."

राजेश्रीचे हात थांबले नाहीत. "कुणी अधिकार दिला ते मला त्याच दिशी म्हाईत होतं. तुमी सांगताल म्हणून मी गप बसले."

राजेश्रीनं आत जाऊन चहा टाकला, मग तिला स्टँडपर्यंत सोडायलाही आली. जिंतूरला एका दुकानात काम मिळालंय, म्हणाली, सोमवारपासून जायचंय. देवगाव फाट्याची बस आली. संघप्रियानं खिडकीशी बसून बाहेर पाहिलं, तेव्हा राजेश्री पाठमोरी झाली होती.