हलकेपणाला एक शब्द

ती दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवी. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत, त्यांवरून कवळ्या करायच्या, हे तिचं काम. त्यातले एक म्हातारे डॉक्टर बरीच वर्षं जर्मनीत राहून आलेले. कवळी तपासता तपासता ते तिला तिकडचा एखादा शब्द देऊन जात. 'फ्रेम्टशेमन', म्हणजे दुसऱ्यानं लाज सोडली की आपल्याला वाटते ती लाज. 'शाडनफ्रॉयडं', म्हणजे दुसऱ्याची फजिती पाहून मनातल्या मनात फुटणाऱ्या उकळ्या. ती हरखून जाई. आपल्या आत जे गुपचूप चालतं ते जगात आणखी कुणाच्या तरी आत चालतं, आणि त्याला चक्क नाव आहे, याचंच तिला केवढं अप्रूप!

घरी हे ऐकायला आईच काय ती होती. पक्षाघातानं आईची वाचा गेली होती आणि अंथरूण सुटत नव्हतं. तिला भरवताना, पुसताना ती नवा शब्द तोंडात घोळवत राही. जेवण झालं की आईची कवळी काढून घासायची, दोन्ही ओळी एकमेकींवर नीट मिटवून पाण्याच्या वाटीत ठेवायची, वर बशी झाकायची. कवळी तिनंच घडवलेली होती.

एकदा डॉक्टरांनी 'फायरआबेंट' दिला. दिवसाचं काम संपलं, हात धुतले, आता आपल्याला कुणी हाक मारणार नाही, तेव्हा जिवाला येतो तो हलकेपणा. ऐकताच तिच्या डोळ्यांपुढे आलं ते आईचं रिकामं अंथरूण. तिला स्वतःचीच किळस आली. त्या संध्याकाळी तिनं आईला शब्द ऐकवलाच नाही. वाटीवर बशी ठेवून ती वळली, आणि पाठीमागून स्पष्ट आवाज आला.

"फायरआबेंट."

आईचं बोळकं मिटलेलं होतं. डोळे मात्र तिच्यावर होते.

त्यानंतर ती आईची सेवा दुप्पट करू लागली. डॉक्टरांना म्हणाली, "शब्द नकोत आता."

"का गं? मनात जागा संपली?" ते हसले. ती हसली नाही.

आई गेली ती दुपारी. भेटायला आलेला दादा तेवढा जवळ होता. फोन आला तेव्हा ती कामावर हात धूत होती. आणि रडू फुटण्याआधी, क्षणभरच, तिला हलकं वाटलं.

घरी पोचताच दादानं तिचे हात धरले. "अगं, जाता जाता आई बोलली! फायरआबेंट की कायसं. तुझ्याकडूनच ऐकलं असेल. म्हणजे काय गं?"

वहिनी, शेजारीपाजारी, सगळे तिच्याकडे पाहत होते.

"लेकरांवरची माया," ती म्हणाली.

दादाला हुंदका आवरेना. "तुझ्यासाठीच म्हणाली ती. तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं."

कोपऱ्यात, बशीखाली, बारीकसं काहीतरी वाजलं. तिनं जाऊन बशी उचलली. सकाळी मिटवून ठेवलेल्या दोन्ही ओळी पाण्यात उघड्या होत्या.