तळवाले आणि तरंगते

तिचा मुलगा प्रज्ञेश गेल्यापासून शालन माझ्याशी अगदी नीट बोलते, हेच माझं दुःख आहे. रुसली असती, भांडली असती, तर समजूत घालता आली असती. ती माझ्या गुडघ्याची चौकशी करते, आमच्या वारज्याला मेथी बरी मिळते का विचारते, लिफ्ट दुरुस्त झाली का विचारते. अख्ख्या आयुष्याची मैत्रीण, आणि बोलणं जिन्यात भेटलेल्या शेजारणीसारखं.

आम्ही दोघी प्रयोगशाळेत एकाच टेबलाशी समोरासमोर बसून निवृत्त झालो. समुद्राच्या तळातून काढलेला गाळ धुऊन, वाळवून आमच्याकडे यायचा. मायक्रोस्कोपखाली त्यातून साखरेच्या दाण्याहून लहान शिंपले वेचायचे. बारीक ब्रशचं टोक जिभेवर ओलं करायचं आणि त्यानं शिंपला उचलायचा. "साती समुद्रांची चव घेतलीस मंदा, आणि घरात मासा चालत नाही," असं शालन मला चिडवायची.

पाण्याच्या वरच्या थरात जगलेले ते तरंगते, तळाशी जगलेले ते तळवाले, ही आमची आपली नावं. दोन्ही अमेरिकांच्या मधे एके काळी समुद्राची वाट होती. पॅसिफिक आणि अटलांटिकचं पाणी तिथून ये-जा करायचं. ती वाट कशी मिटत गेली, ते या शिंपल्यांवरून कळतं. आधी दोन्हीकडच्या तळवाल्यांच्या कवचांत फरक पडायला लागतो. म्हणजे खोलचं पाणी अडलं. तरंगते मात्र पुढे लाखो वर्षं सारखेच राहतात, कारण वरचं पाणी वाहतच असतं. मग कधीतरी तेही थांबतं. अटलांटिककडची बाजू जास्त खारट होते आणि अडलेला प्रवाह वळून उत्तरेकडे जोरानं जाऊ लागतो. एवढी मोठी उलथापालथ, आणि तिचा पुरावा आमच्या ब्रशच्या टोकावर.

शाळा सुटली की शालनचा प्रज्ञेश दप्तर घेऊन थेट आमच्या खोलीत यायचा. "मंदामावशी, आज कुठला समुद्र?" हे त्याचं पहिलं वाक्य. मी त्याला स्टुलावर उभं करून मायक्रोस्कोपमधून दाखवायची. मला मूलबाळ नाही. तो खुर्चीचा हात धरून उभा राहायचा, तरी मी त्याच्या कमरेला धरून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी तो ऑफिसात काम करता करता गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

गेल्या रविवारी मी मुद्दाम येरवड्याला शालनकडे गेले. बोलायला निमित्त होतं. आमच्या जागेवर आता काम करणाऱ्या ओवीचा फोन आला होता.

"कोण, ती कानात गाणी लावून शिंपले वेचणारी?" शालन म्हणाली.

"तीच. एका नव्या नमुन्यात तळवाल्यांतला फरक आपल्याला दिसला त्याच्याही बराच आधी सुरू झालाय म्हणे."

शालन ताठ बसली. "नमुना नीट धुतला होता का? विचारलंस?"

"आपणच चुकलो असू."

"मी नाही. तू चुकली असशील. तुझं अर्धं लक्ष डब्यात असायचं."

तिची सून दीक्षा चहा घेऊन आली होती, ती हसली. "आई किती दिवसांनी भांडल्या, मावशी. येत जा." ती आत गेली. मला वाटलं, आता.

"शालन, प्रज्ञेशबद्दल बोल ना माझ्याशी," मी म्हटलं. "मलाही त्याची आठवण येते गं. मी कुणाजवळ काढू?"

तिनं कप खाली ठेवला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"माझा राग आलाय का तुला?"

"राग कसला?" ती म्हणाली. "तुला वाटतं मी दार लावून घेतलंय. मंदा, ती वाट कुणी बंद केली होती का? तळ वर आला. पाण्याला जायचं असतं गं, पण खाली जागाच उरत नाही."

मी कप बशीत ठेवला, तो थोडा सांडलाच.

"वरचं चालू आहे ना अजून? तेवढं राहू दे. खाली खणायला लागलीस, तर मला तेही जमायचं नाही."

मला तो दिवस आठवला, दोन्हीकडचे तळवाले पहिल्यांदा वेगळे निघाले तो. आम्ही ओरडलो होतो, कँटीनमधून भजी मागवली होती. दोन समुद्र एकमेकांपासून कायमचे तुटत होते आणि आम्ही हात पुसून पुन्हा पुन्हा मायक्रोस्कोपात डोकावत होतो. आनंदानं.

शालन माझ्याकडे बघत होती. मी जाते की काय, याची भीती तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली. मी बशीत सांडलेला चहा पिऊन टाकला.

"तुमच्याकडे हल्ली पाणी कसं येतं गं?" मी विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "येतं सकाळी," ती म्हणाली. "जोर नसतो."