साडेदहाचा फोन

आमच्या चौकातला भाजीवाला मला लांडगा म्हणायचा. तोंडावर नाही, तोंडावर मी 'साहेब'. पण पाठ वळली की गिऱ्हाइकांना सांगायचा, "लांडगेसाहेब चालले बघा. म्हणजे आज छत्री घरीच ठेवा." आवाज मात्र मला ऐकू येईल एवढा.

त्याला कारण होतं. मी वेधशाळेत, चक्रीवादळांचा अंदाज वर्तवण्याच्या कामावर. आदल्या वर्षी मी किनाऱ्यावरच्या वस्त्यांना लाल इशारा दिला. तीन हजार माणसं बोचकी घेऊन शाळांमध्ये गेली, दोन रात्री डास मारत बसली, आणि वादळ ऐनवेळी समुद्रातच वळून निघून गेलं. इकडे झाडाचं पानही हललं नाही. रिकाम्या घरांपैकी अकरा घरं मात्र चोरांनी धुऊन नेली. आता अंदाज म्हणजे शंभरातल्या साठ शक्यतांवर सही करणं, हे ज्याच्या घरचा टीव्ही गेलाय त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? 'लांडगा आला रे आला' म्हणत वर्तमानपत्रापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी हात धुऊन घेतले. मुख्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला, "यापुढे खात्री झाल्याशिवाय माणसं हलवू नका." मी वरवर हसायचो. आतून फार लागलं होतं. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस मी, पण भाजी आणायला दोन चौक लांब जायला लागलो.

हसली नाही ती एकटी ताई. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यापासून खाडीच्या तोंडाशी असलेल्या गल्लीत एकटीच राहायची. त्या दोन रात्री तीही शाळेतल्या बाकांवर झोपली होती. म्हणाली, "नाही आलं ते बरंच झालं की रे. आलं असतं तर तू खरा ठरला असतास आणि आम्ही बुडालो असतो."

तिच्या भिंतीला भिंत लागून एक शिवणकाम करणारी बाई राहायची. सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणायची. तिचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री. चार वर्षांपूर्वी अर्धं अंग लुळं पडलं तेव्हापासून खाटेवर. माणूस धिप्पाड, त्यामुळे त्याला हलवायचं म्हणजे चार जण आणि एक गाडी लागायची. ताईचं आणि शिवणताईचं दुखणंखुपणं, चहासाखर, रुसवेफुगवे सगळं एकत्र. सख्ख्या बहिणी भांडतील, पण या दोघी नाही.

या वर्षीचं वादळ तीन दिवस समुद्रात घुटमळत होतं. संगणकावरच्या पाच गणितांपैकी तिघांचं म्हणणं, ते उत्तरेला सरकून निघून जाईल. दोघांचं म्हणणं, आपल्यावर येईल. त्या दिवशी सकाळची पाळी माझी होती. रडारवर बसणाऱ्या बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण नजर घारीची. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली.

"साहेब, हे वळलंय. डोळा बघा. मागच्या चार फेऱ्या सलग आपल्याकडे."

मी पाहिलं. नंतरच्या अहवालात मी 'त्या वेळी परिस्थिती संदिग्ध होती' असं लिहिलं. संदिग्ध काही नव्हतं. पडद्यावरचा तो वळसा बघितला आणि मी भरतीचं वेळापत्रक काढलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती होती. वादळ भरतीबरोबर आलं असतं तर खाडीच्या तोंडाशी पुरुषभर पाणी चढणार, हे मला कागद-पेन्सिल न घेता समजलं.

"विशेष इशारा काढायचा?" बाईंनी विचारलं. तो कधीही काढता येतो. पाळीवरच्या अधिकाऱ्याची सही लागते, म्हणजे माझी.

"थांबा जरा. साडेअकराचं नेहमीचं बुलेटिन आहेच. तोवर आणखी एक छायाचित्र येईल," मी म्हणालो.

बाईंनी नोंदवहीत वेळ लिहिली. मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि ताईला फोन लावला.

"पिशवी भर आणि माझ्याकडे निघून ये. आत्ताच्या आत्ता."

"येतंय का रे?"

"येतंय."

"बाई गं! थांब, शिवणताईला सांगते. मिस्त्रींना हलवायचं म्हणजे त्यांना वेळ लागतो."

"कुणाला काही सांगू नकोस," मी म्हणालो. "बुलेटिनच्या आधी बातमी फुटली तर माझी नोकरी जाईल. साडेअकराला जाहीर होणारच आहे. तासाचा तर प्रश्न."

"अरे, पण ती विचारेल ना, कुठे निघालीस म्हणून."

"नणंदेकडे चाललेय म्हण."

ताईने विचारलं, "तासाभरात नक्की सांगणार ना तुम्ही?"

"नक्की," मी म्हणालो.

नियम खरा होता. पण सख्ख्या बहिणीला फोन करताना मी तो खुंटीवर टांगला आणि शेजारणीची वेळ आली तेव्हा उतरवून अंगात घातला. हे मला त्या क्षणीही कळत होतं.

साडेअकरा वाजले. नवं छायाचित्र आलं. वळण होतं तसंच होतं. पण संगणकाची तीन गणितं अजून उत्तरेलाच बोट दाखवत होती. मी बुलेटिन लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर, खोटं कशाला सांगू, ना खाडी आली, ना गल्ली. भाजीवाला आला. पुन्हा चुकलं तर हा माणूस काय म्हणेल, मोठे साहेब काय म्हणतील, वर्तमानपत्रात माझं कसलं चित्र छापतील, एवढंच मनात येत राहिलं. शेवटी मी लिहिलं, 'दिशेत किंचित बदलाची शक्यता. नागरिकांनी सतर्क राहावे.' आणि वर पिवळा इशारा. पिवळा म्हणजे काय, तर चुकलं तरी अंगाशी येत नाही आणि बरोबर ठरलं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता येतं. आमच्या धंद्यातली ही पळवाट सगळ्यांना ठाऊक असते.

रडारच्या बाईंनी तो कागद वाचला. "पिवळा?" एवढंच म्हणाल्या.

"तीन विरुद्ध दोन आहे अजून," मी म्हणालो.

"तुमचं मत काय आहे, ते विचारतेय."

मी कागद पाठवून दिला.

अडीच वाजता पाचही गणितं एका सुरात बोलायला लागली. मग जाहीर झालेला पिवळा बदलायचा म्हणून मुख्यालयाशी बोलणं, मंजुरी, पुन्हा बोलणं. लाल इशारा निघाला चारला दहा कमी असताना. पाचला खाडीकाठचा रस्ता पाण्याखाली गेला. सहाला वादळ आलं.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे आमचं कौतुक. एवढं मोठं वादळ आणि बळी फक्त सात! 'वेधशाळेच्या वेळेवरच्या इशाऱ्यामुळे जीवितहानी टळली' असं छापून आलं. मोठ्या साहेबांनी फोनवर पाठ थोपटली. भाजीवाल्याने, ज्याची गाडी वाऱ्याने उलथली होती त्याने, मला रस्त्यात थांबवून हात जोडले. "साहेब, मला माफ करा." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिसऱ्या दिवशी त्या सात जणांची यादी टेबलावर आली. पाचवं नाव मिस्त्रीचं होतं. पत्ता ताईच्या घराच्या पुढच्या क्रमांकाचा.

घरी येऊन मी ताईला सांगितलं. ती माझ्या स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. तिने देठं एका बाजूला केली, पानं एका बाजूला केली आणि सगळी जुडी संपवली. मग म्हणाली, "तू तासाभरात म्हणाला होतास." त्यानंतर नऊ दिवस ती माझ्या घरात राहिली, पण माझ्याशी बोलली ती फक्त 'जेवायला वाढलंय' आणि 'दार लाव'. शिवणताईला भेटायला चल म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. दहाव्या दिवशी स्वतःच चपला घालून दाराशी उभी राहिली.

"मी बोलेन काय बोलायचं ते. तू मध्ये तोंड उघडू नकोस," वाटेत तिने मला बजावलं.

घर गेलेल्यांना एका शाळेत ठेवलं होतं. तिसरीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली शिवणताई बसली होती. दंडावर खरचटल्याच्या खपल्या. ताईला बघितलं आणि ती उठून गळ्यातच पडली. दोघी रडल्या. मी दाराशी उभा.

"बरं झालं गं, तू नणंदेकडे गेलीस," शिवणताई म्हणाली. "असतीस तर माझ्यापायी तूही अडकली असतीस. मला सोडून गेली नसतीस तू."

ताईने मान खाली घातली.

मग शिवणताई सांगत राहिली. बारा वाजता आभाळ बघून तिला राहवेना, म्हणून तिने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन गाडी मागितली होती. ड्रायव्हर बसलेलाच होता, गाडी रिकामी होती. पण तो म्हणाला, 'बाई, पिवळा आहे. पिवळ्यात गाडी देत नाहीत, लाल झाला की या.' लाल झाला तेव्हा गाडी दुसरीकडे गेलेली आणि गल्लीतले पुरुष आपापल्या घरच्यांना काढण्यात गुंतलेले. तिने आणि लाँड्रीवाल्याने मिळून मिस्त्रीला कापड कापायच्या उंच टेबलावर चढवलं. मग लाँड्रीवालाही गेला, त्याची पोरं होती. पाणी टेबलाच्या वर आलं. दोन तास तिने नवऱ्याचं डोकं पाण्याच्या वर धरून ठेवलं. "शेवटी हातच राहिले नाहीत गं मला," ती म्हणाली.

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्ही तरी काय करणार? कळलं तसं सांगितलंत. तुम्ही थोडेच देव आहात?"

मला ते सोसलं नाही. दहा दिवस कौतुक गिळलं होतं, पण तिची माफी गिळता येईना.

"सकाळीच कळलं होतं," मी म्हणालो. "साडेदहाला. मी गेल्या वर्षीच्या हसण्याला भ्यालो आणि पिवळा दिला. ताईला मात्र फोन करून बोलावून घेतलं."

ताईने डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, शिवणताई माझ्या अंगावर येईल, शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मी त्यासाठीच उभा होतो. सरळ सांगायचं तर मला ते हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ताईकडे बघत होती.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

शिवणताईचा हात अजून ताईच्या हातात होता.

"दारात उभी राहून मला म्हणालीस, दोन दिवसांनी येते. हे खाटेवरून म्हणाले, नणंदेला नमस्कार सांगा."

"तासाभरात वेधशाळेवाले सांगणार होते गं," ताई म्हणाली. "मला वाटलं, तासाभराने तुलाही कळेलच."

"दुपारी वारा सुटला तेव्हा तुझी मागची खिडकी आपटायला लागली," शिवणताई म्हणाली. आवाज अगदी साधा, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा. "ह्यांना म्हटलं, थांबा, ताईची काच फुटेल. आधी तुझी खिडकी बांधून आले. तुझ्या गाद्या माळ्यावर टाकल्या. तासभर तरी गेला असेल माझा तिथे."

तिने आपला हात ताईच्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. शेजारच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

मी पुढे झालो. "ताईची काही चूक नाही," असं काहीतरी म्हणायला लागलो. ताईने मला हाताने थांबवलं, दंड धरला आणि वर्गाबाहेर आणलं. लहानपणी मी दुसऱ्यांच्या घरी काही फोडलं की ती अशीच बाहेर आणायची.

"तुला मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"मला राहवलं नाही, ताई. खरं सांगितल्याशिवाय…"

"सांगितलंस ना? मोकळा झालास ना? आता घरी जा."

"आणि तू?"

ती वर्गात परत गेली. शिवणताईच्या बाकावर नाही, पलीकडे भिंतीशी, जमिनीवर जाऊन बसली. शिवणताईने पाठ फिरवली होती. मी खिडकीतून बराच वेळ बघत होतो. ताई तिथून हलली नाही.